लडकूनं हात कुणापुढं केला?

१

लडकू बंगल्यामागं मरून पडलाय, हे कळलं तेव्हा आबाजी पाटलांच्या तोंडात राखुंडी होती. खळ्यावर राखणीला असलेला तांबू आज सकाळीच घरी आला होता आणि ओल्या अंगानं त्यांच्या पायात घोटाळत होता. त्याला पायानं बाजूला सारून, चूळही न भरता पाटील निघाले. पोलीस पाटलानं असं पारोशा तोंडानं पळू नये खरं, पण लडकूची गोष्टच वेगळी.

जन्माचा आंधळा माणूस आणि अख्ख्या बोरशेतचा लाडका. कोंडाण्याच्या डोंगराखालचं हे गाव, कर्जत स्टेशनापासून दोन-तीन कोस आत. हंगामात लडकू खळ्याखळ्यावर बसून भाऱ्यांना बांधायचे पेंढ्याचे बंद वळायचा. एरवी देवळाच्या ओट्यावर बसून माणसं पावलांवरून ओळखायचा. "काय गं, लंगडतीस का आज? काटा मोडला का नवऱ्याशी भांडलीस?" असं विचारायचा, आणि बाया लाजून पळायच्या.

तो लडकू होर्मसजी शेठच्या बंगल्याच्या मागच्या भिंतीशी उताणा पडला होता. गळा फाटलेला, उजव्या हाताच्या तळव्याची चिंधी झालेली. भोवती सारा गाव गोळा झाला होता, आणि जो तो एकच नाव घेत होता, शिजर.

शेठ मुंबईचा. थंडीत चार दिवस राहायचा, बाकी बंगला माळी गजा आणि कुत्र्याचा राखणदार, डोंगरावरच्या आदिवासी वाडीतला पोशा ठाकूर, यांच्यावर. दोन वर्षांपूर्वी शेठनं हा अल्सेशन आणला. नाव सीझर, पोशाच्या तोंडी झालं शिजर. उभे कान, राखी पाठ, कमरेएवढं धूड. गावानं पहिल्याच दिवशी ठरवलं, "हा कुत्रा नाय, लांडगा हाय." माथेरानच्या साहेबलोकांकडची असली कुत्री पोरं खातात, अशीही एक आवई उठली. कुणी बघितलं होतं? कुणीच नाही!

मग आबाजींनी चावडीवर कायदा केला. चावऱ्या कुत्र्याच्या गळ्यात लोढणं अडकवायची गावाची जुनी रीत. मारक्या बैलाला बांधतात तसा लाकडाचा ओंडका; चालताना तो गुडघ्यांवर ठकठक आपटतो, कुत्र्याला झेपही घेता येत नाही आणि माणसालाही आधी कळतं. शिजरला न चावताच लोढणं लागलं.

"पाटील, पण त्यानं कुनाला चावलं?" पोशानं तेव्हा विचारलं होतं.

"चावला नाय, पण जात चावणाऱ्याची हाय," आबाजींनी ऐटीत सांगितलं होतं. आणि लडकूच्या पाठीवर थाप मारून म्हणाले होते, "ठकठक ऐकलंस की जागच्या जागी थांब. नाय ऐकलंस, तर खुशाल चाल. बाकीची कुत्री आपलीच हायत."

आता गजा माळी हातवारे करून सांगत होता, "मी बघितला ना! उजाडायला शिजर फाटकातनं आत आला. गळ्यात लोढणं नाय नि तोंडाला रगत! म्हनून मी मागं जाऊन बघतो, तर हा असा."

आबाजी बंगल्याच्या आवारात शिरले. पोशा कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून बसला होता.

"लोढणं कुणी सोडलं?"

"मी. मान सोलली हाय त्याची, बघा तरी."

"कधी सोडलंस?"

"काल सांजचं."

"मग रातभर कुत्रा कुठं होता?"

पोशानं कुत्र्याला आणखी जवळ ओढलं. "यानं नाय क्येलं, पाटील." एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

लोक खवळले. मारा, मारा, एवढाच गिल्ला. आबाजींनी घरून बंदूक मागवली. गर्दीत एरवी सगळ्यात मोठा आवाज त्यांच्या धाकट्या भावाचा, जयवंताचा. आज तो पुढं येऊन हळूच म्हणाला, "दादा, जरा थांब ना. फौजदार येऊ दे, मग बघू."

"तुला रं कशापायी त्याचा पुळका?" आबाजी कडाडले. "लडकूला असा फाडलाय, नि थांब म्हणतोस?"

पोशाला दोघांनी धरून बाहेर काढलं. पाटील एकटे आत राहिले, दार लावून घेतलं. थोड्या वेळानं बार ऐकू आला.

२

दुपारी शिपाई आले आणि पोशाला कर्जतला घेऊन गेले. मोकळं सोडलेलं जनावर आणि मेलेला माणूस. फौजदारानं सरळ सांगितलं, पोशा तुरुंगात सडणार. शुक्रवारी मामलेदार चावडीवर येणार होते. पाटलाची जबानी घ्यायची, पोशाला वरच्या कोर्टात पाठवायचा आणि त्याच बैठकीत हुकूम काढायचा, की लांडगेजातीचा कुत्रा तालुक्यात कुणी पाळू नये, असेल तिथं मारावा. हुकुमाची मागणी आबाजींचीच होती.

सगळं कसं जागच्या जागी बसलं होतं. पाटलांची छाती भरून यायला हवी होती.

पण लडकूला तिरडीवर घ्यायला उचलला, आणि आबाजींची नजर खाली गेली. तो पडला होता तिथली माती कोरडी होती. गळा फाटलेल्या माणसाखाली रक्ताचं थारोळं हवं. इथं काही डाग, तेही पानांवर. बोकड कापला तरी अंगण भिजतं, हे पाटलांना कुणी शिकवायला नको होतं.

"पाटील, उचलू ना?" कुणीतरी विचारलं.

"उचला, उचला." त्यांनी मान वळवली.

नदीवर अंघोळ घालताना आणखी एक गोष्ट दिसली. लडकूच्या बंडीत, धोतराच्या निऱ्यांत, केसांतसुद्धा पेंढ्याच्या काड्या अडकल्या होत्या. बंगल्यामागं आंब्याची राई. तिथं पेंढा कुठला?

आबाजींनी स्वतःला बजावलं, की पेंढ्यात राबणारा माणूस आहे, असणारच काड्या. कशाला नसत्या शंका? कुत्रं मेलं, प्रकरण मिटलं. असं स्वतःची समजूत घालत ते चितेपाशी उभे राहिले, आणि रिवाजाप्रमाणे कुणीतरी म्हणालं, "अरं, त्याची काठी ठेवा संगती. वर तरी ठेचकाळू नये बिचारा."

सगळे इकडंतिकडं बघू लागले. काठी कुठाय?

बंगल्यामागं नव्हती. घरी नव्हती. वाटेवर नव्हती. काठीशिवाय लडकू अंगणसुद्धा ओलांडत नसे. मग तो बंगल्यापर्यंत आला कसा?

३

दुसऱ्या दिवशी पाटलांनी गजाला एकटं गाठलं. माळी गुलाबांना पाणी घालत होता.

"गजा, लडकूला तू हात लावलास का रं?"

"लावला की. हलवून बघितला. पार लाकूड झाला व्हता. हात सरळ करायला गेलो तर होईना."

"आणि शिजर तेव्हाच आत आलेला?"

"आत्ता आला नि आत्ता मी मागं गेलो."

माणूस मेल्यावर ताठायला वेळ लागतो. पाटीलकीत त्यांनी मढी काय थोडी उचलली होती? लडकू रात्रीच, जेवणवेळेच्या आसपास गेलेला असणार.

"त्याच्या तोंडाचं रगत कसं होतं? सुकलेलं?"

"छे! ताजं. माझ्या धोतराला पुसलं ना त्यानं, ह्ये बघा."

"आला कुठल्या अंगानं?"

"वरनं, डोंगराकडनं. अंगभर कुसळं, पाय दवानं भिजल्यालं. पोशा मागनं आला धापा टाकत."

"अरे गाढवा, मग हे काल का नाही बोललास?"

गजा झारी खाली ठेवून त्यांच्याकडं बघू लागला. त्याला खरंच नवल वाटलं होतं.

"तुमी इचारलंत कुठं, पाटील? तोंडाला रगत म्हनालो, तेवढ्यावर भागलं. तुमी बंदूक आणाया धाडलीत."

आबाजींचा चेहरा उतरला. पंधरा वर्षं पाटीलकी केली, चोर पकडले, खोटे साक्षीदार चार प्रश्नांत उघडे पाडले. आणि काल एका मुक्या जनावराच्या बाबतीत एक धड प्रश्न विचारायला त्यांना सवड झाली नव्हती. शरम वाटली.

शिजरनं रात्री लडकूला मारलं, तर पहाटे ताजं रक्त कुणाचं? आणि पोशा जीव गेला तरी सांगत नाही, ते काय?

ते तडक डोंगर चढू लागले.

४

पोशाची वाडी कोंडाण्याच्या लेण्यांच्याही वर, झाडीत. पाटील येताना दिसले तशा बाया आत गेल्या, पुरुष कामाचं निमित्त काढून पांगले. पोशाची आई बुधी तेवढी दाराशी बसून राहिली. बस म्हणाली नाही, पाणी विचारलं नाही.

आबाजींचं लक्ष तिच्या डोक्यावर गेलं. आढ्याला रानडुकराची मांडी टांगलेली होती. अख्खी, न कापलेली. वास सुटला होता, माश्या घोंगावत होत्या.

"बुधे, मटण सडवतीस कशाला गं?"

"माझं नाय त्ये."

"मग कुणाचं?"

म्हातारी मान वर करून मांडीकडं बघत राहिली. पण आबाजींना वाडीची रीत ठाऊक होती. रानात हाका घालून डुक्कर मारलं, की ज्या कुत्र्यानं ते आधी धरलं त्याच्या नावाची मांडी काढतात आणि त्याच्या धन्याच्या दारी टांगतात. त्यातला पहिला घास कुत्र्याचा. त्यानं तोंड लावल्याशिवाय घरातलं कुणी खात नाही.

"शिजरचा वाटा," आबाजी म्हणाले.

"व्हय."

"परवा रात्री?"

"सांजचं पोरगा त्याला घेऊन आला. रातभर हाका झाला. पार पहाटं धरला डुक्कर. लोढणं असतं तर फाडला असता त्यालाच. म्हनून सोडलं." बुधीचा आवाज फुटला. "पहिला घास घ्यायला पोरगा त्याला इथंच आणणार व्हता, दुसऱ्या दिशी. त्यो मेला म्हनून मी कशी खाऊ? तुमीच सांगा."

आबाजी तिथंच जमिनीवर बसले, वाडीच्या मातीत, फेट्यासकट.

"मग पोशा बोलत का नाय? साऱ्या वाडीनं बघितलंय!"

"बोलंल कसा? शिकारीला बंदी. जंगलखात्याला कळलं तर समदे बाप्ये आत. त्यो म्हनाला, मी एकला जातो." तिनं पाटलांकडं रोखून बघितलं. "तुमी चावडीवर ह्ये बोललात, पाटील, तर माझा एक सुटंल नि वाडी जाईल. नाय बोललात तर माझा जाईल. आता काय करायचं त्ये तुमचं तुमी बघा."

पोशाला सोडवायला एकच वाट उरली होती. लडकूला कुणी मारलं, ते शुक्रवारच्या आत शोधायचं. आणि शुक्रवार उद्यावर आला होता.

५

उतरताना आबाजी सगळं पुन्हा पहिल्यापासून लावू लागले.

लडकू रात्री मेला, भिंतीपाशी मेला नाही. मेल्यावर कुणीतरी आणून टाकला. कशातून? अंगावर पेंढा, म्हणजे पेंढ्याच्या गाडीतून. हंगामात अशी गाडी कुठल्याही वेळी जाताना दिसली, तरी कोण विचारतंय?

जखमा माणसाच्या नाहीत, कुत्र्याच्याच. पण तळवा का फाटला? कुत्रा अंगावर आला तर माणूस कोपर आडवं घालतो, मूठ आवळतो. लडकूचा पंजा आतल्या बाजूनं फाटला होता. त्यानं हात उघडा धरला होता. पुढं केला होता, कुरवाळायला नाहीतर भाकरीचा तुकडा द्यायला.

आणि शेठच्या त्या विलायती कुत्र्याला तर लडकू भ्यायचा! ठकठक कानावर आली की भर रस्त्यात खांबासारखा उभा राहायचा. त्या माणसानं हात पुढं केला, कारण त्याला ठकठक ऐकू आली नाही. ठकठक नाही, म्हणजे विलायती नाही. विलायती नाही, म्हणजे आपलाच. नाय ऐकलंस तर खुशाल चाल.

हे त्याला कुणी सांगितलं होतं?

आबाजी वाटेतच थांबले. गावातल्या एकाही कुत्र्याच्या गळ्यात लोढणं नव्हतं, कारण कायदा करताना सगळ्यांचं लक्ष उभ्या कानांकडं. पण गावात चावलेला कुत्रा एक होता. मागच्या हंगामात खळ्यावर कामाला आलेली आवडी सुपानं भात पाखडत होती, तिच्या हाताचा लचका गेला. त्या कुत्र्याची वर्दी चावडीवर आलीच नाही. पाटलांनी आवडीच्या ओटीत पायलीभर तांदूळ घातले आणि म्हणाले, "अगं, खेळता खेळता दात लागला. एवढं काय?" आवडी काय बोलणार? पाटलाचा कुत्रा!

गावातली झोडणी आटपली होती. सगळी खळी मोडली होती. उभं होतं ते एकच, आणि ते पाटलांचं होतं.

खळ्यावर पोचले तेव्हा तांबू धावत आला. तांबडा, कान पडलेला, अगदी साधा गावठी कुत्रा. आबाजींनी त्याच्या फासळ्या चाचपल्या. हाताला हाडं लागली. राशीच्या मागं पेंढ्याचा ढीग होता, तो ते दोन्ही हातांनी उपसू लागले. खालची जमीन काळी पडून कडक झाली होती, आणि तिथंच लडकूची काठी होती.

"दादा."

मागं जयवंता उभा होता. तोंडावर रंग नव्हता.

"किती दिवस उपाशी ठेवलास याला?" आबाजींनी विचारलं.

"भुकेला असला की जागा ऱ्हातो म्हनून... रानडुकरं येत होती राशीवर. मी जेवायला घरी गेलो, तवा याला मोकळा सोडून गेलो. परत आलो तर लडकू पडलेला. बंद वळायला पेंढा न्यायला आला असंल. हातात भाकरी होती रं, दादा. यालाच द्यायला आणलेली."

"आणि गाडीत घालून बंगल्यामागं टाकलास."

"घरची अब्रू, दादा! पाटलाच्या कुत्र्यानं माणूस मारला म्हटल्यावर..." जयवंता रडायला लागला. "मला वाटलं, शेठ पैसेवाला. दंड भरंल, कुत्रा मुंबईला न्येईल, झालं. पोशाला धरतील हे ध्यानात नाय आलं. तू बंदूक आणलीस तवा म्हटलं ना मी, थांब? सांगणारच होतो. तू दार लावून घेतलंस."

आबाजींनी हात उगारला होता, तो खाली आला. भावाला मारायचं तर कशासाठी? त्या गर्दीत थांब म्हणणारा तो एकटा होता, आणि त्याला गप्प केलं होतं ते त्यांनीच.

घरी इंदूबाई चुलीशी होती. नवऱ्याच्या हातातली काठी बघून ती पदरात तोंड लपवून हुंदके देऊ लागली. "मीच धुतला तांबूला. भावजी पाया पडले. आवडीच्या येळी तुमीच झाकलंत ना? म्हटलं, हेबी तसंच झाकायचं असंल."

आबाजींनी काठी भिंतीला टेकवली.

"अवो, आता काय करनार?"

"उद्या बोलणार," ते म्हणाले.

"भावजी तुरुंगात जातील. पाटीलकी जाईल. आपल्याकडं कोन बघंल तरी का?"

आबाजी जेवायला बसले नाहीत. त्यांच्यापुढं सगळं स्वच्छ मांडलेलं होतं. नुसतं गप्प बसलं तरी पुरे होतं. भाऊ वाचत होता, घर वाचत होतं, आणि एक ठाकूर, ज्याच्या बाजूनं गावात बोलणारं कुणी नाही, तो जात होता. इतकं सोपं होतं, की त्यांना स्वतःचीच भीती वाटली.

६

चावडी माणसांनी फुलली होती. मामलेदार पुण्याकडचे, चष्म्यातून बघणारे, कामाचा उरक असलेले. समोर पोशा, हातात बेड्या. हुकूम तयारच होता, पाटलांची जबानी झाली की सही.

"बोला, पाटील."

"पोशाचा कुत्रा नाय, साहेब. लडकूला माझ्या कुत्र्यानं मारलं."

चावडीत एकच गलका उडाला. आबाजींनी काठी पुढं ठेवली. कोरडी माती, ताठलेलं अंग, पेंढा, फाटलेला तळवा, एकेक करून सगळं सांगितलं. शिकारीचं नाव काढलं नाही.

"पण हा अल्सेशन रात्रभर होता कुठे? तोंडाला रक्त होतं म्हणतात."

पोशानं डोळे मिटून घेतले.

"जंगलाकडं मोकळा होता, साहेब. काहीतरी जनावर धरलं असंल. लडकू त्याच्या कितीतरी आधी माझ्या खळ्यावर मेला. रगत माझ्या खळ्यात हाय, काठी माझ्या पेंढ्यात. मढं हलवणारा माझा भाऊ."

जयवंता गर्दीतून आपण होऊन पुढं आला आणि भावाशेजारी उभा राहिला. मामलेदारांनी चष्मा काढून पुसला.

"आणि तुम्ही? तुम्हाला हे केव्हा कळलं?"

"काठी काल मिळाली. पण तांबू चावतो हे मला वर्षापासनं ठाऊक होतं. आवडीचा हात बघा, साहेब. ती वर्दी मीच दाबली." आबाजी थांबले नाहीत. "जो कधी चावला नाय त्याच्या गळ्यात लोढणं घातलं, त्याचे कान उभे म्हणून. जो चावला त्याला मोकळा सोडला, तो माझा म्हणून. आणि आंधळ्याला सांगितलं, बाकीच्यांना भिऊ नको. लडकू माझ्या सांगण्यावर गेला."

गर्दीतून आवडी रडताना ऐकू आली.

"मग या हुकुमाचं काय करायचं?" मामलेदार त्रासून म्हणाले. "जात सांगता येते, पाटील. रंग, कान, उंची, शिपायालाही ओळखता येते. तुमचं म्हणणं लिहू कसं?"

"लिवा, की कुत्रा कुणाचाही असो, कसल्याबी जातीचा असो, एकदा दात लावला की चावडीवर वर्दी झाली पाहिजे. त्याला लोढणं घाला, बांधा, काय ते करा. उपाशी ठेवून राखणीला सोडणाऱ्याला आधी धरा. आणि पाटलानं वर्दी दडवली, तर त्या पाटलाला धरा."

मामलेदारांनी हुकूम घडी करून खिशात घातला. तो पुढं काय झाला, कुणाला कळलं नाही. त्या दिवशी मात्र पोशाच्या बेड्या निघाल्या आणि जयवंताच्या हातात पडल्या. तांबूला शिपायांनी ओढ्याकाठी नेऊन मारला. आबाजींनी स्वतः मारायची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. बंदूक आणि पाटीलकी दोन्ही चावडीवरच काढून घेतली गेली होती.

पोशा कुणाशी न बोलता डोंगराच्या वाटेला लागला. आबाजी मागून धावले. पन्नाशीचा माणूस, गावादेखत धावला.

"पोशा, थांब रं!"

तो थांबला, वळला नाही.

"चुकलो मी."

"चुकलात," पोशा म्हणाला.

आबाजींनी बरंच काही ठरवून आणलं होतं. म्हातारीला बघीन, शेठला सांगून नोकरी परत देववीन, पडेल ते करीन. त्यातलं काही बोलायच्या आधीच पोशानं विचारलं.

"पाटील, एक इचारू?"

"इचार ना."

"मला बाहेर काढलंत, नि दार लावलंत. आत काय झालं त्ये मला कुनी सांगंना. लई हाल झाले का त्याचे? पळाला का भ्यालेला?" आता पोशा वळला होता.

एखादं खोटं सांगून मोकळं होता आलं असतं. अंगावर आला, म्हणून घातली गोळी. पोशानं मानलंही असतं, आणि आबाजींना रात्री झोप लागली असती. ते खोटं त्यांच्या जिभेवर येऊन बसलं होतं.

"नाय," ते म्हणाले. "पळाला नाय. बंदूक बघितली नि त्याला वाटलं, आपल्याला शिकारीला न्यायला आलाय. उड्या मारायला लागला. माझ्या पुढं पुढं मागच्या दारापर्यंत गेला. नि मी येतोय का म्हणून वळून बघत राहिला. तवा मी..."



पोशानं ऐकून घेतलं. आवाज निघाला तो साधाच निघाला.

"व्हय. त्यो तसंच करायचा."

तो वर चढून गेला. आबाजी बांधावर बसून मोठ्यानं रडले, आणि गावातली माणसं लांबून बघत उभी राहिली.